चाकांवरचे बिऱ्हाड

घर सोडून हिंडणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात दोन अगदी निराळ्या भावना सुखाने शेजारी नांदत असतात. संन्यासी, वारकरी, नर्मदेचा परिक्रमावासी दिसला की आपण हात जोडतो. आणि गावाबाहेर एखादे पाल पडले की रात्री दाराची कडी दोनदा तपासतो. दोघेही घराबाहेरच आहेत, दोघेही वाटसरूच. मग एकाला नमस्कार आणि दुसऱ्यावर पहारा, हा भेद येतो कोठून?

हा प्रश्न मला एका सहलीने घातला. दोन वर्षांपूर्वी मी आणि सौ. अमेरिकेत गेलो होतो. लास व्हेगासहून आम्ही एक मोटारघर भाड्याने घेतले आणि तीन आठवडे युटा व अ‍ॅरिझोना या राज्यांतील वाळवंटी मुलुख पालथा घातला. मोटारघर म्हणजे ओट्यासकट, पलंगासकट, न्हाणीसकट चाकांवर चढवलेला संसारच. गाडी मी हाकत होतो, नकाशा सौ.च्या मांडीवर होता. काळ्या मातीत वाढलेल्या वऱ्हाडी डोळ्यांना झायन आणि ब्राइसचे ते तांबडे कडे आधी खरेच वाटेनात. मग ग्रँड कॅन्यन आले. कोलोराडो नदीने पन्नास-साठ लाख वर्षे खपून कोरलेली ती दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. सौ. काठावर बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "अहो, नदीला कुठे पोचायची घाई नव्हती, म्हणून एवढं जमलं तिला."

या प्रवासात पाण्याने आम्हांला पुष्कळ शिकवले. टाकी लहान, आणि ती किती उरली हे दाखवणारा काटा सदैव डोळ्यांसमोर. सौ.चे माहेर पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीत पाणी असूनही गोड्या पाण्यासाठी वणवण करणारे. तिने पहिल्याच दिवशी तांब्याने मोजून पाणी वापरायला सुरुवात केली. सांडपाणीही वाटेत कोठेही सोडायचे नाही. ठरलेल्या जागी पोचेपर्यंत ते पायांखालच्या टाकीत वाहून न्यायचे. आपली घाण आपण चार दिवस बरोबर बाळगली, की माणूस आपोआप थोडा नम्र होतो.

बार्शीटाकळीला परतल्यावर ओळखीचे एक शेतकरी भेटायला आले. मी मोठ्या उत्साहाने सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे बिऱ्हाड संगंच होतं म्हना. मंग थे घिसाड्यावानीच झालं ना जी!"

त्यांनी हे थट्टेने म्हटले नव्हते, आणि मलाही ते थट्टेचे वाटले नाही. पेरणीच्या आधी आमच्याकडे घिसाडी येतात. रस्त्याच्या कडेला पाल पडते, भाता फुंकला जातो. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बायको घण घालते. वखराची पास, विळा, कुऱ्हाड ही दोघे सज्ज करून देतात तेव्हा गावाची शेती चालते. म्हणजे तेही जोडपेच, तेही बिऱ्हाड बरोबर घेऊन निघालेले, आणि त्यांच्या येण्याने गावाचे काम होते. आमच्या जाण्याने त्या वाळवंटाचे काय अडले होते? पण आम्हांला प्रत्येक मुक्कामी क्रमांक घातलेली जागा होती. कोठे विजेची जोडणी, कोठे नळ. त्यांना मात्र कोणीही येऊन 'उद्या उठा' असे सांगू शकतो.

आम्ही पैसे भरले होते, असे उत्तर यावर कोणी देईल. तेही कष्टाने भरतातच. खरा भेद निराळा आहे. माझ्या खिशात बार्शीटाकळीच्या घराची किल्ली होती. हा मनुष्य परत जाणार आहे, याची साऱ्यांना खात्री होती. म्हणून माझ्या भटकण्याला हौस म्हणत. ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याच्या भटकण्याचा संशय येतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. नजरेतला शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

ज्या दरीपुढे आम्ही हात जोडले तिचीही अशीच एक कथा आहे. तेथे हवासुपाई लोक पिढ्यानुपिढ्या राहत आले. १८८२ साली सरकारने त्यांच्यासाठी अवघे ५१८ एकर राखून ठेवले. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि दरीतल्या झऱ्याकाठच्या मळ्यातून त्यांच्या शेवटच्या रहिवाशालाही १९२८ साली हलवण्यात आले. १९७५ साली सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली. २०२२ साली त्या मळ्याला त्यांचे नाव मिळाले. आमच्यासारख्यांनी चार दिवस घर घेऊन यावे म्हणून कोणाला तरी कायमचे घर सोडावे लागले होते.

आपले मेळघाट तरी कोठे दूर आहे? १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या नऊ अरण्यांतले ते एक. त्याच्या गाभ्यातली कोरकूंची गावे उठून खाली अकोटच्या बाजूला आली. वाघ जगला पाहिजे, यात मला शंका नाही. पण वाघासाठी घराचा त्याग करावयाचा तो नेहमी कोरकूने, आणि वाघ पाहण्याचे सुख घ्यावयाचे ते आपण, ही वाटणी न्यायाची म्हणता येत नाही. ज्याने घर सोडले त्याच्या नव्या उंबऱ्याशी पाणी, शेत आणि शाळा पोचली की नाही, हे विचारणे जंगल पाहणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

याचे उत्तर वऱ्हाडच्याच एका भटक्याने आचरून दाखवले आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले ते १९५६ साली वलगावजवळ प्रवासातच निवर्तले. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. आणि या अनिकेत माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्या वास्तूंत स्वतःचा संसार मात्र थाटला नाही. आपल्याला नको असलेला निवारा इतरांना हवा असतो, हे त्यांनी ओळखले. भटकंतीला पुण्य लाभते ते इथे.

हिंडण्याची हौस वाईट नव्हे. या दिवाळीतही पुष्कळ कुटुंबे सहलीला निघतील, आणि त्यांनी निघावेच. माझे म्हणणे एवढेच की, जो दुसऱ्याच्या भूमीवर मुक्कामाची जागा मागतो त्याने आपल्या गावात दुसऱ्याला ती नाकारू नये. गावाबाहेर एक सपाट मैदान, एक नळ, एक स्वच्छतागृह आणि पाल टाकणाऱ्यांच्या मुलांना शाळेत बसण्याची मुभा, एवढे करायला कोणत्याही गावाला फार खर्च येत नाही. पेरणीपूर्वी घिसाडी पुन्हा येतील. तोवर हे सहज करता येईल.