पहिलीच्या वर्गात कोणाची मातृभाषा?

एप्रिल २०२५मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, तेव्हा उठलेला विरोध निव्वळ अस्मितेचा नव्हता. सहा वर्षांच्या मुलाला आधी आपल्या भाषेत वाचता-लिहिता येऊ द्या, हा त्यातला शैक्षणिक मुद्दा बिनतोड होता. जूनअखेर सरकारने निर्णय मागे घेतला. पण हा मुद्दा एकदा मान्य केला की तो मराठीपाशी थांबत नाही. गडचिरोलीतल्या गोंडी किंवा मेळघाटातल्या कोरकू घरातून आलेल्या मुलासाठी पहिलीतली नवी भाषा मराठीच असते आणि तिच्या जोडीला इंग्रजीही येते.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा विचार सुरू झाला तो प्रांतांच्या हिशेबाने. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक द्यावा, असे १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०क आले आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न हे राज्यांचे काम ठरले. डोळ्यांसमोर होते ते मुख्यतः भाषावार प्रांतरचनेत सीमेच्या पलीकडे राहिलेले लोक. बेळगावचे मराठी भाषक हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांच्या भाषेला शेजारी एक राज्य होते आणि तयार पाठ्यपुस्तके होती. गोंडीला यातले काहीच नव्हते. २०११च्या जनगणनेत गोंडी भाषक सुमारे ३० लाख, तर बोडो भाषक सुमारे १५ लाख. तरीही २००३च्या घटनादुरुस्तीने बोडो आठव्या अनुसूचीत गेली आणि अनेक राज्यांत विखुरलेली गोंडी आजही बाहेर आहे. म्हणजे संख्येइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व राजकीय वजनाला मिळाले.

दुसरा विचार मुलाच्या शिकण्यातून पुढे आला. युनेस्कोने १९५३च्या अहवालात मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली, ती शैक्षणिक कारणांसाठीही. त्या कारणांचा प्रत्यय पहिलीच्या पुस्तकातच येतो. चित्राखाली छापलेले अक्षर हा त्या वस्तूच्या मराठी नावातला पहिला आवाज असतो. गोंडी मूल चित्रातला पक्षी अचूक ओळखते, पण त्याच्या तोंडी येणारे नाव वेगळ्याच आवाजाने सुरू होते. अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही, मग घोकंपट्टीच उरते. हा विचार २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उचलला खरा, पण कायद्यात ‘शक्यतो’ आणि धोरणात ‘शक्य असेल तेथे’ अशी पुस्ती जोडून. १९४९चा नियम अपुरा असला तरी मोजता येत होता. शाळेला त्यावरून जाब विचारता येत होता. नव्या धोरणाने कक्षा रुंदावली आणि कसोटी मात्र सोडून दिली.

गोंडीसारख्या भाषांतून शिकवण्यावर पहिला आक्षेप पुस्तकांचा आणि लिपीचा. ओडिशाने २००७च्या सुमारास १० आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, ते आधी पुस्तके तयार करूनच. खुद्द मराठीची शालेय पुस्तकेही एकोणिसाव्या शतकात मुद्दाम घडवावी लागली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे आहे. दुसरा आक्षेप पालकांचा : त्यांना मराठी-इंग्रजी हवी आहे आणि माध्यम निवडण्याचा त्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली मान्य केला आहे. ही इच्छा रास्तच आहे. नोकरीचा अर्ज गोंडीत भरता येत नाही. परंतु गोंडीतून वाचन शिकणे म्हणजे मराठीला मुकणे नव्हे. मराठी ही नवी भाषा आहे हे मान्य करून ती पद्धतशीर शिकवली, तर ती अधिक पक्की होते. शिवाय निवड करायला पर्याय तर हवा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी २०१९ साली स्वतः गोंडी शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. तिसरा आक्षेप खरोखर अवघड आहे : एकाच वर्गात चार बोलींची मुले असतील तर काय? तिथे स्थानिक भाषा जाणणाऱ्या साहाय्यक शिक्षकावर भागवावे लागेल. पण ज्या पाड्यावर सगळी मुले एकच भाषा बोलतात, तिथे ही सबब चालणार नाही.

तेव्हा दोन्ही विचार एकत्र आणायला हवेत : आधार मुलाच्या गरजेचा आणि कसोटी मोजता येणारी. वर्गात १० मुले गोंडी बोलणारी असतील, तर गोंडी जाणणारा शिक्षक देणे शासनावर बंधनकारक असावे. बेळगावातल्या मराठी शाळेसाठी आपण जो हक्क बजावून मागतो, तो याहून वेगळा नाही.