शेजार आणि सोयरीक



समाज किती दुभंगला आहे हे जाणण्यासाठी अभ्यासक घरोघर जाऊन लोकमत विचारतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३०,००० प्रौढ स्त्रीपुरुषांची अशी पाहणी केली. अनुसूचित जातींबाहेरचे ७२ टक्के लोक म्हणाले, दलित शेजारी आम्हांला चालेल. परंतु आपल्या समाजातील स्त्रियांचे विवाह परजातीत होऊ न देणे फार महत्त्वाचे, असे एकूण ६४ टक्के लोकांनी सांगितले. म्हणजे भिंतीला भिंत चालते, सोयरीक चालत नाही!

नुसता शेजार किती तकलादू असतो, हे वरळीच्या बी.डी.डी. चाळींनी जानेवारी १९७४ मध्ये पाहिले. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली कामगार माणसे दंगलीत एकमेकांवर उठली. बाबासाहेबांनी तर १९३६ सालीच जातिनिर्मूलनावरील आपल्या ग्रंथात बजावले होते, की सहभोजन पुरेसे नाही. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय.

आता प्रश्न तुम्हांआम्हांला. परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. मग दादर-परळच्या आपल्या घरांत स्थळ आले, की ‘पाहुणे कोकणातले की घाटावरचे? पोटजात कोणती?’ हे विचारायला कोणत्या धम्माने शिकवले?

शील पाहा, शिक्षण पाहा, मुलीची संमती विचारा. दीक्षेच्या दिवशी टाकलेली जात सुपारीच्या बैठकीत पुन्हा उचलू नका.

जय भीम!