पिंपळाची अक्षरे

शनिवारी पिंपळाला पाणी घालायची रीत भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेत कुणाला शिकवावी लागत नाही. त्याच शहराच्या वेशीवर, भौंरीच्या आयसर संस्थेत, विनीत शर्मा यांच्या गटाने पिंपळाचा आणि वडाचा जनुकसंच वाचून काढला. २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. वडाची अक्षरे सुमारे ३९ कोटी, पिंपळाची सुमारे ३३ कोटी. तेहतीस कोटी देव कुणालाही आठवतील, पण हा निव्वळ योगायोग आहे. त्याचा चमत्कार करू नये. ही झाडे इतकी वर्षे कशी तगतात, याच्या खुणा रोगाशी आणि वार्धक्याशी झुंजणाऱ्या जनुकांत सापडल्या, हे आश्चर्य त्याहून मोठे.

अशी अक्षरे आता घरच्या संगणकावरही उघडता येतात. यूजीनसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पडद्यावर ए, टी, जी, सी ही चारच अक्षरे, ओळीमागून ओळ. हवे तिथे कर्सर न्यायचा, एक अक्षर खोडून दुसरे टाकायचे. त्यातून बनणारे प्रथिन कसे बदलेल, तेही तिथेच पाहता येते. चुकले तर अन्डू.

पिंपळ पवित्र, मग त्याची अक्षरेही पवित्र मानायची का? त्यांना हात लावणे पाप?

गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण वृक्षांमध्ये स्वतःला अश्वत्थ म्हणवतात. पंधराव्यात तोच अश्वत्थ मुळे वर असलेला संसारवृक्ष होतो, आणि ज्ञानेश्वर त्या नावाचा अर्थ उद्यापर्यंतही न टिकणारा असा उलगडून सांगतात. पूज्य आणि क्षणभंगुर, झाड एकच! ज्या परंपरेने हे पचवले, तिला बदलाचे भय नसावे. जनुकांतली अक्षरे तरी कुठे अक्षर आहेत? पिढ्यान्‌पिढ्या त्यांत फरक पडतच असतो. त्यामुळे हात लावण्यात पाप नाही. बदल कुणाच्या देहावर होतो, हे मात्र विचारलेच पाहिजे.

मध्य प्रदेशचा आदिवासी पट्टा आणि विदर्भ सिकलसेल ओळखून आहेत. १ जुलै २०२३ रोजी त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम शहडोलहूनच सुरू झाली. हिमोग्लोबिनच्या जनुकात जीएजीचे जीटीजी होते, एवढाच फरक. आई आणि बाप दोघांकडून तो आला की रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने या आजारावर जनुक-संपादनाचा उपचार मंजूर केला. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, सुधारून परत देतात. संमती त्याची, देहही त्याचाच. हे औषध आहे. धर्माने ते अडवू नये.

२०१८ साली चीनमधल्या एका शास्त्रज्ञाने भ्रूणांचीच जनुके बदलली आणि जुळ्या मुली जन्मल्या. त्यांना कुणी विचारले नव्हते. पुढे त्यांच्या मुलांनाही कुणी विचारलेले नसेल. कर्म एकाचे आणि भोग दुसऱ्याच्या वंशाला, हा अन्यायच आहे, आणि इथे अन्डू नाही. भारताच्या २०१९च्या जनुकोपचार मार्गदर्शक तत्त्वांनी पुढच्या पिढीत उतरणाऱ्या अशा बदलांना मनाई केली आहे.