देवाची इच्छा आणि आपले सुख

लग्नाच्या आशीर्वादात आणि अंत्यविधीच्या सांत्वनात 'देवाची इच्छा' हे शब्द आपण हमखास ऐकतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत तर ती इच्छा पूर्ण व्हावी असे आपण रोज मागतो. मागताना मनात एक समजूत असते, की देवाची इच्छा आणि आपले सुख एकाच वाटेने चालणार. बरेच दिवस ती दोन्ही सोबत चालतातही. पण एखाद्या दिवशी त्या वाटेला फाटा फुटतो. त्या दिवशी ख्रिस्ती माणसाने कोणती वाट धरावी?

ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड या खेड्यातल्या फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न जीवनमरणाचा होऊन आला. त्यांचा जन्म १९०७ सालचा. तरुणपणी ते काही साधुपुरुष नव्हते. गावात पहिली मोटारसायकल त्यांनी आणली. मौजमजेची आवड होती. लग्नापूर्वी त्यांना एक मुलगीही झाली होती. ९ एप्रिल १९३६ रोजी, पवित्र गुरुवारी, फ्रान्झिस्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे जोडपे रोमला जाऊन आले. दोघे मिळून प्रार्थना करू लागले, बायबल वाचू लागले. तीन मुली झाल्या. पुढे चर्चची देखभाल आणि मिस्साची तयारी करण्याची सेवाही फ्रान्झ यांच्याकडे आली. शेत, घर, पत्नी, लेकरे, चर्च असे भरलेले सुख त्यांच्या पदरात होते.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला. त्यावरच्या मतदानात गावातून विरोधी मत देणारे फ्रान्झ एकटेच होते. सैन्यात बोलावणे आल्यावर त्यांनी प्रशिक्षण घेतले. पण हे युद्ध अन्यायाचे आहे, त्यासाठी शस्त्र उचलणे पाप आहे, असे त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांना सांगू लागली. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुन्हा बोलावणे आले, तेव्हा ते पळून गेले नाहीत. हजर झाले आणि लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण ती मान्य झाली नाही. ६ जुलै रोजी बर्लिनमधील लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड सुनावला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला. वय अवघे ३६.

अशी कथा ऐकून आपण मान डोलावतो आणि विसरून जातो. पण येथे थोडे थांबायला हवे, कारण फ्रान्झ यांना अडवणारे लोक वाईट नव्हते. नातेवाईक, ओळखीचे धर्मगुरू, इतकेच काय, लिंझचे बिशप योझेफ फ्लिसर यांनीही त्यांना कुटुंबाकडे पाहायला सांगितले. त्यांचे म्हणणे ख्रिस्तीच होते. बायकामुलांना सांभाळणे ही देवाचीच आज्ञा नाही का? राज्यकर्त्यांच्या आज्ञेत राहा, असे संत पौल शिकवत नाहीत का?

मुलाबाळांसाठी बापाने घाम गाळावा, पोटाला चिमटा घ्यावा, वेळ आली तर जीवही द्यावा. पण माझ्या मुलांचा बाप घरी परत यावा म्हणून दुसऱ्यांच्या मुलांचा बाप मी मारावा का? मुलांच्या नावावर पाप करण्याची मुभा देवाच्या कोणत्याच आज्ञेत नाही. आणि राज्यकर्ता देवाच्या आज्ञेविरुद्ध वागायला लावतो, तेव्हा प्रेषितांनीही माणसापेक्षा देवाचेच ऐकले होते.

मग फ्रान्झ हट्टी होते का? हट्टी माणूस कोणाला विचारत नाही. फ्रान्झ यांनी विचारले, ऐकून घेतले, उपवास-प्रार्थना केली, जे करता येण्यासारखे होते ते करण्याची तयारी दाखवली. एवढे झाल्यावर जे उरले, तेवढ्यालाच त्यांनी नकार दिला. हट्टातला आणि आज्ञापालनातला फरक येथे दिसतो.

तरीही एक गोष्ट लपवू नये. या आज्ञापालनाची किंमत एकट्या फ्रान्झ यांनी मोजली नाही. फ्रान्झिस्का यांनीही आधी पतीचे मन वळवायचा प्रयत्न केला होता. पण सगळेच त्यांच्या विरोधात गेले, तेव्हा त्या पतीच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे शेत आणि तीन लहान मुली त्यांनी सांभाळल्या. लोकांचे टोमणे सोसले. युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांना मिळणारे निवृत्तिवेतन त्यांना १९५० पर्यंत नाकारले गेले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झ यांना 'धन्यवादित' घोषित केले गेले, तेव्हा ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का तेथे हजर होत्या. २०१३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या प्रभूघरी गेल्या. वेदीवर चित्र एकाचे लागले, पण क्रूस दोघांनी वाहिला.

येथे एक सावधगिरी हवी. फ्रान्झिस्का यांनी तो क्रूस स्वतः स्वीकारला होता. आपण मात्र 'देवाची इच्छा' हे शब्द पुष्कळदा दुसऱ्याला गप्प करण्यासाठी वापरतो. मार खाणाऱ्या सुनेला 'सोस, देवाची इच्छा' म्हणून सांगणे हा उपदेश नव्हे, तो अन्याय आहे. देवाची इच्छा काय आहे, हे प्रत्येकाने आधी स्वतःच्या बाबतीत विचारावे.

सुख हवेसे वाटणे हेही पाप नाही. गेथशेमनी बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळावा, अशी आधी प्रार्थना केली आणि मगच स्वतःला पित्याच्या स्वाधीन केले. फ्रान्झ यांचे घरावर प्रेम नसते, तर त्यांच्या नकाराला किंमत तरी काय राहिली असती?

आपल्यापुढे शिरच्छेदाचा प्रसंग येणार नाही. आपल्या वाटेवरचे फाटे लहान असतात. वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावर बहिणीला अंधारात ठेवून सही करायची का? मालक सांगतो म्हणून खोटे बिल करायचे का? कामगाराची मजुरी थोडी दाबली तर घराचा वरचा मजला लवकर होईल, मग दाबायची का? अशा वेळी आपले जाते ते थोडे पैसे, थोडा आराम, कधी भाऊबंदांचा लोभ. आणि 'मुलांसाठीच तर करतो' हे कारण आपल्यापाशी तयार असते. फ्रान्झ यांच्यापाशीही ते होते, आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठे होते.

या आठवड्यात रात्रीच्या रोझरीनंतर पाच मिनिटे शांत बसू या. कोणते सुख सांभाळण्यासाठी मी देवाला 'आज नको, नंतर पाहू' असे म्हणत आलो आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारू या.

हे प्रभो, तू दिलेल्या सुखाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ते सुख टिकवण्यासाठी पाप करायची वेळ येईल, तेव्हा नाही म्हणण्याचे बळ आम्हांला दे. आणि आमच्या शेजारी कोणी एकटा पडून तुझी आज्ञा पाळत असेल, तर त्याच्या बाजूला उभे राहण्याचे धैर्यही दे. आमेन.