तारणानंतरचे पाप

तारण झालेला ख्रिस्ती माणूस पापी उरतो का, याचे उत्तर पाप कशाला म्हणायचे यावर अवलंबून असते. पापाचा दोष तारणाने पुसला जातो, याबद्दल ख्रिस्ती परंपरांत वाद नाही. तारणानंतरही हातून पाप घडू शकते, हेही सहसा कोणी नाकारत नाही. खरा वाद आहे तो मनात उरणाऱ्या पापाच्या ओढीबद्दल.

बायबलमध्येच दोन्ही सूर आहेत. योहानाचे पहिले पत्र आरंभी सांगते की, आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो. पुढे तेच पत्र सांगते की, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही.

अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ही मतभिन्नता शेजारी शेजारी नांदते. 1831 मध्ये येथे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची धारणा काल्व्हिनच्या वळणाची होती: देव माणसाला एकदाच नीतिमान ठरवतो, पवित्रीकरण मात्र आयुष्यभर चालते आणि मरणापूर्वी पुरे होत नाही. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असे ल्यूथर म्हणे. कॅथलिकांना हे मान्य नाही. 1546 च्या ट्रेंट परिषदेच्या निर्णयानुसार बाप्तिस्म्यानंतर उरणारी ओढ हे खरे पाप नव्हे. तिला संमती दिली तरच पाप घडते. शहरात बूथ हॉस्पिटलमुळे परिचित असलेली साल्व्हेशन आर्मी वेस्लीच्या वाटेने जाते आणि याच जन्मी संपूर्ण पवित्रीकरण शक्य मानते. मात्र अज्ञानाने होणाऱ्या चुकांनाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज असते, असे खुद्द वेस्ली मानत असे. ‘निष्पाप’ हा दावा त्याने टाळला. सावेडीतल्या एखाद्या घरात या मंडळ्यांमध्ये सोयरीक जुळली, तर सून आणि सासू एकाच पापाबद्दल वेगळ्या शब्दांत प्रार्थना करतील, एवढेच.

उपासनेत मात्र अंतर पुष्कळ कमी होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रभुभोजनाआधी पापांगीकार होतो. तो बाहेरच्यांसाठी नसतो. मंडळी तो म्हणते आणि पाळकही त्या ‘आम्ही’त असतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला. तारणाची खरी ओळख मात्र आपल्याला काही वर्षांनी पटली, असे त्यांनी पुढे लिहिले. 1905 मध्ये दौंडजवळच्या केडगावी, त्यांच्या मुक्ती सदनात, संजीवनाची लाट आली आणि मुली रडून पापे कबूल करू लागल्या. त्यांत आधीच ख्रिस्ती झालेल्याही होत्या. तारणानंतर पापाची जाणीव बोथट न होता तीव्र होते, हे त्यातून दिसते. पापी म्हणवून घेणे हा तारण न झाल्याचा पुरावा ठरत नाही.

उरतो तो तारण गमावण्याचा प्रश्न. काल्व्हिनच्या मते खरे तारण हातचे जात नाही. साल्व्हेशन आर्मी मात्र ते आज्ञाधारक विश्वास टिकण्यावर अवलंबून ठेवते, तर कॅथलिक शिकवणीनुसार प्राणघातक पापाने गेलेली कृपा पापनिवेदनाने परत मिळते.