कोल्हा काकडीला राजी

आमच्या परसात पावसाळ्यात मांडवावर काकडी चढते, आळ्यात भोपळा, कडेनं मक्याच्या दोन सऱ्या, आणि न्हाणीच्या मागं कोंबड्यांचं खुराडं. ह्या सगळ्यावर कोल्ह्याचा डोळा. पाहुणे विचारतात, कोल्ह्याला काकडी कशाला लागते? पण म्हण उगाच पडलेली नाही. काकडी तो खातो, मक्याचं कोवळं कणीस खातो, उन्हाळ्याच्या शेवटी करवंदं-जांभळं खातो, ओढ्यातले खेकडे खातो आणि खाचरातले उंदीरही खातो. मिळेल त्यात भागवणारा जीव.

एक खुलासा आधीच करतो. शाळेत आम्ही फॉक्स म्हणजे कोल्हा असं पाठ केलं. आमच्या डोंगरात तिन्ही सांजेला कुई करतो तो इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. ती अंगानं लहान, झुबकेदार शेपटीची, देशावरच्या कोरड्या माळावर राहते. आमच्याकडं जो येतो तो कोल्हाच.

लोणावळ्याहून नागफणीकडं निघालं की कुरवंडे लागतं. गाव ओलांडलं की जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. असल्या पावसात कुंपण म्हणजे दर साली नवं काम. कारवीच्या काठ्या रोवायच्या, बुडाशी करवंदीची काटी दाबायची. आषाढात ती चिंब होते, पुढच्या साली हातात घेतली की भुगा. आणि कोल्हा कुंपणावरून उडी मारत बसत नाही, खालून उकरतो. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ती कळण्याआधी मी जे केलं ते सांगायला हे लिहितो आहे.

१९८५ सालचा चैत्र. आईनं खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली होती, नऊ पिल्लं निघाली. त्या काळी घरात रोख पैसा म्हणजे आईची अंडी आणि कोंबड्या, तेवढाच. दोन रात्रींत कोंबडी गेली आणि सात पिल्लं गेली. मी तरणा, डोक्यात राग. भाताला टाकायचं दाणेदार औषध घरात होतं. मेलेल्या पिल्लाच्या पोटात ते भरलं आणि कुंपणाच्या भोकाशी ठेवलं. कुणाला विचारलं नाही.

सकाळी ओढ्याच्या काठाला कोल्ही पडलेली. पाण्यापर्यंत पोचली नव्हती. मी शेपटीला धरून ओढत आणली, मोठा पराक्रम केल्यासारखी. आईनं पाहिलं, खाली वाकली आणि म्हणाली, “आरं, हिच्या पोटाला दूध हाय.” मग उठून चुलीकडं गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, “आडवायचं व्हतं. मारलंस कशाला?”

कोंबडी तिची गेली होती. नुकसान तिचं. तरी हे तीच म्हणाली, हे मला आजही उलगडत नाही.

मी दोन संध्याकाळी डोंगराच्या सोंडेला बीळ शोधत फिरलो. सापडलं नाही. सापडलं असतं तर पिल्लांचं काय करणार होतो, तेही ठरवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेलो नाही.

आता इथं, त्या साली उंदीर माजले आणि भात बुडालं, असं लिहिलं तर गोष्ट बरी होईल. तसं काही झालं नाही. भात नेहमीसारखं आलं. कोंबड्या वर्षभर सुखात राहिल्या. कुणी पकडलं नाही, कुणाला कळलंही नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हाही होता, पण तो आमच्या वाडीत कुणी ऐकला नव्हता. म्हणजे माझं काहीच बिघडलं नाही. उलट फायदाच झाला. आणि तरीही ते चूक होतं असं मला वाटतं. का वाटतं, हा माझा प्रश्न आहे. ‘निसर्गाची साखळी तुटते’ हे उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे, ते खरंही असेल. पण साखळी तुटली नसती तरी ती कोल्ही तिथं तशीच पडली असती.

मला एवढं दिसतं की राखण करणं वेगळं आणि सूड घेणं वेगळं. परस माझं, ते राखायचा मला हक्क आहे. काकडी वाचवण्यासाठी कोल्ह्याला जेवढं अडवावं लागेल तेवढं अडवावं. पण त्या रात्री मी काही वाचवत नव्हतो. कोंबडी आधीच गेली होती. खुराड्याचं दार कुडाचं, सैल, ते नीट करायचा मला कंटाळा आला होता. माझ्या कंटाळ्याची किंमत मी तिच्याकडून वसूल केली.

वाघाला आपण देव केला. मावळात वाघजाईची ठाणी आहेत, लोक नारळ वाढवतात. कोल्ह्याला गोष्टीत लबाड केला आणि सोडून दिला. भीती वाटते त्याला देव करायचं, आणि अंडी चोरतो त्याला लबाड म्हणायचं. अशानं मारताना हात अडखळत नाही.

नंतर मी खुराडं जोत्यावर उचललं, फळीचं दार केलं, त्याला कडी. परसाला तारेची जाळी आणली आणि ती हातभर जमिनीत गाडून वर दगड रचले. खरकटं उकिरड्यावर उघडं टाकायचं बंद केलं, कारण वासानं तो आधी तिथंच येतो. एक कुत्रं पाळलं. एवढं करूनही काही सालं एखादी कोंबडी जाते, काकडीच्या दोन वेलांचा चोथा होतो. मी म्हणतो, “जाऊ दे, त्याचा वाटा.”

बायको म्हणते, “अवो, वाटा तुमी देता, अंडी मी इकते.”

ह्याच्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. दया करणारा मी, आणि ती जाते तिच्या डब्यातून. शनिवार-रविवार बंगल्यावर येणारे लोक कुई ऐकून खूश होतात, मोबाइलवर आवाज भरून घेतात. त्यांच्याकडं कोंबड्या नाहीत. कोल्हा जगावा असं त्यांनाही वाटतं, मलाही वाटतं, पण हिशेब तिच्या वहीत पडतो. एका साली मी भाताच्या पैशातून तिला दोन तलंगा आणून दिल्या. घेतल्या तिनं, पण म्हणाली, “ह्या बी त्याच्यासाठीच का?”

आणि बंगल्यांचं म्हणाल तर, कुरवंडे घाटातनं १६६१ साली कारतलबखानाची फौज उतरली आणि खाली उंबरखिंडीत महाराजांनी तिला गाठलं. त्या घाटाच्या तोंडाशी आमची गुरं चरायची. वडील ज्या वाटेनं गुरं न्यायचे तिथं आता एक भिंत आहे, वर काचा लावलेल्या. मागच्या साली सवयीनं त्या बाजूनं गेलो तर आतनं वॉचमन म्हणाला, “बाबा, इकडून रस्ता नाही.” चांगला पोरगा, नोकरी करतो बिचारा. जमीन कुणीतरी विकली, कुणीतरी घेतली, सगळं कायदेशीर. मी वळलो. भिंतीच्या कडेनं येताना बुडाशी ताजी उकरलेली माती दिसली, पावलांच्या खुणा होत्या. तोही तिथनंच जायचा.

ह्यावरून मी नि कोल्हा एक, असं मला म्हणायचं नाही. त्याला माझ्या जाळीचा राग येतो की नाही, मला माहीत नाही. मला त्या भिंतीचा येतो.

काल रात्री जेवणं झाली आणि नागफणीच्या अंगानं कुई उठली. आधी एक, मग तीन-चार. कुत्रं भुंकून भुंकून गप्प झालं. आतून बायकोचा आवाज आला, “कडी लावली का वो?”

लावली होती. तरी बॅटरी घेऊन उठलो, बघून आलो.