पुरे कुठे म्हणायचं?

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य मराठी माणसाने इतक्या वेळा म्हटले आहे की, दर वेळेचा एक आणा जरी कोणी गोळा केला असता, तरी एक बरी पेढी उभी राहिली असती. त्यातून तो माणूस मालवणकडचा असला, म्हणजे बघायलाच नको. त्याच्यावरचा पहिला आरोप दुपारच्या झोपेचा. साडेबाराला दुकानाची फळी पडते ती चारला निघते. मधल्या काळात गिऱ्हाइकाला काही हवे असल्यास त्याने ते सकाळीच हवे करून घ्यायला हवे होते, अशी सर्वसाधारण भूमिका असते.

या किनाऱ्यावरच्या एका किराणा दुकानात मी एकदा कापूर मागितला.

"आसा," मालक म्हणाले.

मी वाट पाहिली. मालकही वाट पाहत होते. मी कापूर मागणे सोडून देतो की काय, याची ते वाट पाहत असावेत.

"मग द्या ना."

"आसा, पण वयर आसा."

मी वर पाहिले. सर्वांत वरच्या फळीवर कापराचा डबा दिसत होता.

"मग शिडी लावून काढू या."

"शिडी शेजाऱ्यान आंबे काढूक नेल्यान. सांजेक येवा."

हा संवाद मी माझ्या भाच्याला सांगितला, तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या डॉक्टरला दुर्मिळ रोगाचा रोगी सापडावा तसा उजळला. भाचा पुण्याला असतो. लहान धंदेवाल्यांना मोठे कसे व्हावे हे शिकवणे, हा त्याचा धंदा. त्याच्या खोलीत या विषयावरची पुस्तके छताला टेकली आहेत. (ती मात्र तो शिडीशिवाय काढतो. स्टुलावर चढून.) गेल्या सुट्टीत तो मालवणला आला आणि चौथ्या दिवशी त्याला दुसरा रोगी सापडला. तो म्हणजे काकींची खानावळ.

काकी कोणाच्या सख्ख्या काकी आहेत हे आता कोणाला आठवत नाही. सगळ्यांच्याच काकी. पडवीत चार बाकडी, आत चूल आणि गॅस शेजारीशेजारी, आणि हाताखाली एक बाई. दिवसाला पंचवीस ताटे. बांगड्याचे तिखले, त्यात तिरफळाचे दाणे, एखादी तळलेली तुकडी, भात, सोलकढी. पंचविसावे ताट वाढले की काकी पदराला हात पुसत बाहेर येतात आणि सांगतात, "जेवाण सरला. उद्या येवा, पण बाराच्या आदी येवा."

भाच्याने दारात उभे राहून दोन दिवस परत गेलेली माणसे मोजली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन काकींसमोर बसला.

"काकी, रोज दहा-पंधरा माणसं परत जातात. महिन्याला किती धंदा बुडतो, विचार केलाय?"

"धंदो खंय बुडता? पंचवीस ताटां खपली मां?"

भाच्याने पीटर ड्रकर काढला. या गृहस्थांनी १९५४ साली लिहून ठेवले आहे की, धंद्याचा खरा हेतू ग्राहक निर्माण करणे हा होय. काकींनी ते शांतपणे ऐकून घेतले. "तां निर्माण कित्याक करूचा?" त्या म्हणाल्या. "एक वाजलो की तेका आपसूक भूक लागता."

ड्रकर चालला नाही तेव्हा भाच्याने शिवाजी महाराज काढले. हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानात महाराज असतातच. समोर सिंधुदुर्ग दिसत होता, त्यामुळे सोयही होती. १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू झाले. केवढी दूरदृष्टी, केवढा विस्तार, असे तो सांगत होता. काकी म्हणाल्या, "विस्तार खरो. पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव आसत मां? भायर पाणी किती आसा तां नाय बघल्यानी. आत पिवूचा किती आसा तां बघल्यानी."

चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिच्यात खेळत्या भांडवलाचा एवढा मोठा सिद्धांत दडलेला असेल, असे मला वाटले नव्हते.

मग काकींनी हिशेब मांडला. भाच्याने तो वहीत उतरवला, म्हणून मला जसाच्या तसा देता येतो : "पंचवीस ताटांक पाच नारळ. पन्नास ताटांक धा. धा नारळ किसूक तिसरा माणूस होया. तेका पगार देवक साठ ताटां होयी. साठ ताटांइतके ताजे मासे रोज गावणत नाय, म्हणजे बर्फातले होये. आणि बर्फातलो बांगडो खावक लोक हंय कित्याक येतले? तो पुण्यात गावता मां!"

भाचा गप्प बसला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो; असा प्रसंग पूर्वी आलेला नाही.

आता इथे थांबलो, तर हा लेख कोकणी माणसाच्या समाधानी वृत्तीवरचा ठरेल आणि तुम्ही मान डोलावून पान उलटाल. पण माझी अडचण वेगळी आहे. कापूरवाले मालकही समाधानी आहेत आणि काकीही समाधानी आहेत. दोघेही 'पुरे' म्हणतात. मग एकाचे पुरे ऐकून चीड का येते आणि दुसरीचे ऐकून हात का जोडावेसे वाटतात?

मला वाटते, फरक हिशेबाचा आहे. काकींनी पंचवीस हा आकडा नारळ, मासे, हात आणि झोप यांची बेरीज करून काढला आहे. मालकांनी बेरीज केलेलीच नाही. एकीने मोजून पुरे म्हटले आणि दुसऱ्याने मोजायचा कंटाळा आला म्हणून. दोन्ही शब्द एकच, पण एक संयम आहे आणि दुसरा शिडी नसणे आहे. आपल्यातले बरेच जण शिडी नसण्याला संयम म्हणत आयुष्य काढतात, आणि वर संतांचे दाखले देतात.

विश्रांतीचेही तसेच. स्टीफन कोवी यांनी १९८९ साली परिणामकारक माणसांच्या सात सवयी सांगितल्या, त्यांतली सातवी सवय करवतीला धार लावण्याची. भाच्याला ही सवय फार प्रिय आहे. आमच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात, जाळी विणायला बसतात. तेवढ्या दिवसांत समुद्रातला मासा अंडी घालतो. सरकारचा नियम येण्याच्या आधीही नारळी पौर्णिमेचा नारळ पडल्याशिवाय समुद्रात जायचे नाही, ही रीत होतीच. ही सुट्टी आळशाची नव्हे. पुढच्या हंगामाच्या भांडवलाला हात न लावण्याची आहे.

भाचा पुण्याला परतल्यावर त्याने मला मोबाइलवर एक गोष्ट पाठवली. तुम्हालाही आली असेल. ती सगळ्यांना येते. किनाऱ्यावर एक कोळी पहुडलेला असतो. एक शहाणा प्रवासी त्याला सांगतो, जास्त मासे पकड, मोठी होडी घे, कारखाना काढ, मग म्हातारपणी निवांत किनाऱ्यावर पडून राहा. कोळी म्हणतो, ते तर मी आत्ताच करतोय. फोनवर हा कोळी कधी मेक्सिकोचा असतो, कधी केरळचा. मूळ गोष्ट हाइनरिश ब्योल या जर्मन लेखकाने १९६३ साली लिहिली. पुढे १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भाच्याने खाली लिहिले होते, 'काकी!'

गोष्ट चांगलीच आहे. पण समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला तिच्यात एक माणूस कमी दिसतो. दुसरा कोळी कुठे आहे? तो शहाणा प्रवासी पुढच्या वाडीत गेला आणि तिथल्या कोळ्याने त्याचे ऐकले, तर या पहुडलेल्या कोळ्याचे काय होईल?

हे मालवणला सांगावे लागत नाही. इथली जुनी मासेमारी रापणीची. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकत न्यायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पंचवीस-पन्नास माणसांनी ओढायची. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. मग समुद्रात पर्ससीनची जाळी आली. माशांचा अख्खा थवा वेढायचा आणि बटव्याची नाडी ओढावी तसे जाळे खालून आवळायचे. किनाऱ्यावर ओढणाऱ्यांच्या जाळ्यात मग शेवाळ येऊ लागले. भांडणे झाली, मोर्चे निघाले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने आदेश काढून पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले. तरी वाद मिटला नाही.

म्हणजे समाधान ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे. मी पंचवीसवर थांबलो आणि शेजारी अडीच हजारांवर थांबायला तयार नसेल, तर माझे पंचवीसही त्याच्या जाळ्यात जातात. रापणीचे मला कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की, तिथे पुरे कुठे म्हणायचे ते पन्नास माणसे मिळून ठरवतात.

काकींच्याही दारात दुसरा कोळी आलाच. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ साली चिपीला विमान उतरले. हॉटेले वाढली. किनाऱ्यावरच्या लिलावात सुरमईची बोली काकींच्या डोक्यावरून जाऊ लागली. काकींनी रडारड केली नाही. सुरमई फक्त रविवारी ठेवली, बाकीचे दिवस तारली आणि पेडवे आणले, आणि ताटामागे थोडे पैसे वाढवले. गिऱ्हाईक कुरकुरले आणि जेवले. तारलीचे तिखले खाऊन वर सोलकढी प्यायलेल्या माणसाला फार वेळ कुरकुरता येत नाही.

पण खरी परीक्षा निराळीच होती. हाताखालच्या बाईचा मुलगा कुडाळला कॉलेजात गेला. फी, बसचा पास, वह्या. तिने एक दिवस नारळ किसता किसता पगाराचा विषय काढला. काकींच्या पंचवीस ताटांत काकींचे सगळे बसत होते. तिचे बसत नव्हते. 'मला पुरे' म्हणणाऱ्या मालकाला ही जागा सहसा दिसत नाही. मालकाचा संयम नोकराच्या ताटातून कापून घेतलेला असू शकतो, आणि तो मालकाला फार शोभून दिसतो.

काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर उठल्या, एक नारळ जास्त फोडला आणि तीस ताटे केली.

"पंचविसाचा नियम मोडलात?" मी विचारले.

"पंचवीस माझी," काकी म्हणाल्या. "ही पाच ताटां तिची. माझ्या पोटाक पुरे झाला म्हणान तिच्या पोटाक पुरे झाला काय?"

भाच्याला मी हे फोनवर कळवले. त्याने यालाही एक इंग्रजी शब्द असल्याचे सांगितले. असेल. शिक्षण वाया जात नाही. त्याच्या कंपनीने यंदा धंदा गेल्या वर्षापेक्षा वीस टक्के वाढवायचे ठरवले आहे. पुढच्या वर्षी आणखी वीस, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वीस.

"आणि कुठल्या वर्षी सरला म्हणायचं?" मी विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तो रकानाच नाहीये आमच्या तक्त्यात."

रकाना आखायला काही फार लागत नाही. एक पट्टी आणि एक पेन्सिल. त्यात भरायचा आकडा मात्र ज्याचा त्याने काढायचा, आणि काढताना आपल्या चुलीवर किती जण जेवतात ते आधी मोजायचे. माझाही मी अजून काढतोच आहे. एका ओळीत पंचवीस लिहिले आहेत. पुढची पाच कोणाची, ते मोजून होत नाही.